हातचा एक

पाव कापायच्या लाकडी फळीवर पूर्वी हौशी मंडळी खिळे ठोकून रेडिओ जोडत, म्हणून ब्रेडबोर्ड हे नाव. ही हौस आपल्याकडे आधी सुरू झाली असती तर आज सारं जग 'पोळपाट' म्हणालं असतं. माझ्या पोळपाटावर सध्या एक कॉम्प्युटर लाटला जातोय. त्यातला गणित करणारा भाग, म्हणजे एएलयू, तेवढा झालाय. गोल झालाय असं म्हणवत नाही.

या हौसेला परंपरा आहे. 1937 साली अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी रिले, बॅटरीचे बल्ब आणि पत्र्याच्या पट्ट्या घेऊन घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर बेरीज करणारं यंत्र जुळवलं. किचनवरून त्याचं नाव 'मॉडेल के'. हा दाखला मी घरी दिला. "त्यांचं टेबल मोठं असेल," एवढंच उत्तर आलं.

सगळं गणित आयतं करणारा 74181 हा आयसी 1970 सालीच निघाला. पण विकतची पुरणपोळी वाढून सुगरणपणाचा तोरा मिरवता येत नाही. म्हणून बुधवार पेठेतून 74एलएस283 चे दोन आयसी आणले. एक आयसी चार बिटांची बेरीज करतो. दोन मिळून आठ, म्हणजे 0 ते 255. वजाबाकीला वेगळं यंत्र लागतच नाही. वजा करायच्या संख्येतले शून्य आणि एक उलटे करायचे, वर एक मिळवायचा आणि बिनदिक्कत बेरीज करायची. उलटापालट करायला 74एलएस86 आहेच. वजाबाकी बेरजेच्या नावावर खपवणं घरखर्चाच्या वहीत मला कधी जमलं नव्हतं.

खरी मेख हातच्याची. खालच्या आयसीचा हातचा नवव्या पिनेतून निघतो आणि वरच्या आयसीच्या सातव्या पिनेत शिरतो. मधे एक पिवळी वायर.

पहिली बेरीज घातली 5 आणि 3. उत्तर दाखवणारे आठ दिवे म्हणाले, 24. मग 2 आणि 2: उत्तर 20. पण 8 आणि 8 नीट 16, आणि 9 आणि 9 चे 18. दोन रात्री मी आयसीला, दुकानदाराला आणि नशिबाला बोल लावले.

तिसऱ्या दिवशी आईने या बेरजा टिपलेला कागद उचलला. तीस वर्षं तिने प्राथमिक शाळेत पाट्या तपासल्या आहेत.

"लहान बेरजा चुकल्यात, त्याही सारख्याच. सोळा-सोळा जास्त. मोठ्या बरोबर आहेत. अरे, ज्याला हातचा येतच नाही त्यालाही तू हातचा देतोयस."

वाकून पाहिलं. पिवळी वायर सातव्या पिनेच्या भोकातून सुटून वर आली होती. या जातीच्या आयसीचा स्वभाव असा की पिनेला काहीच जोडलं नाही तर बहुधा तो 'एक' आला असं धरून चालतो. मौन म्हणजे संमती! 8 आणि 8 ला हातचा खरोखरच मिळायचा होता, म्हणून ते कॉपी न करता पास झाले.

वायर खोचली. 5 आणि 3, आठ झाले. आईने कागदावर बरोबरची खूण केली.

आता 255 मध्ये 1 मिळवला की आठही दिवे विझतात. शेवटच्या हातच्याला पुढे घर नाही. त्याच्यासाठी मी नववा दिवा लावला आहे, तांबडा.