कल कळला, काम कुठे दिसलं?

राज्यात २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. प्रश्न सोडवले की शेती, कला, वाणिज्य, गणवेशधारी सेवा अशा एखाद्या खान्यात मूल बसलं! अकरावीचा प्रवेश मात्र टक्क्यांवरच ठरला; कल फाइलीत राहिला. निदान दिशा तरी मिळते, असं कोणी म्हणेल. पण लेथवर जॉब कसा लावतात किंवा तलाठी फेरफार कसा नोंदवतो, हे ज्यानं पाहिलंच नाही, त्याची आवड मोजायची कशावरून? २०२० च्या शैक्षणिक धोरणानं सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभारांकडे धाडायला सांगितलंय. ते दिवस शाळांनी निबंध-वक्तृत्वात उरकू नयेत. आधी काम दाखवा, चाचणी मग घ्या.