श्रीपादाचा जमाखर्च

अल्पखर्चात परदेशगमनाची हौस फेडू इच्छिणाऱ्या मराठी गृहस्थाला श्रीलंकेइतका सोयीचा मुलूख नाही. आपल्या एका रुपयाचे तिथे तीनांहून अधिक होत असल्यामुळे विमानतळावर नोटा बदलून घेताक्षणीच मनुष्य श्रीमंत होतो, आणि नेमका तेव्हापासूनच अधिक चिकट होतो. आमच्या मंडळाचे खजिनदार ह्या सिद्धान्ताचे मूर्तिमंत प्रमाण होते. उभी हयात कोषागारात काढलेल्या ह्या गृहस्थांनी पाठीवरच्या पिशवीतदेखील जमाखर्चाची वही सर्वांत वर, औषधे सर्वांत खाली ठेवलेली होती.

कोलंबो फोर्टहून बदुल्ल्याकडे जाणाऱ्या गाडीचा तिसरा वर्ग त्यांनी आमच्या वतीने एकमताने मुक्रर केला, आणि त्याबद्दल मात्र मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. कारण चहाच्या मळ्यांतून वळणे घेत चढणारी ती गाडी उघड्या खिडकीतूनच पाहावी, वातानुकूलित डब्याच्या काचेआडून नव्हे. शिवाय वडे विकणारे खरे तिसऱ्या वर्गातच रेंगाळतात. पाठीवर अख्ख्या कोळंब्या चिकटवलेला तो डाळीचा वडा शाळकरी पोरांच्या जुन्या वह्यांच्या पानात बांधून मिळतो. माझ्या वाट्याच्या कागदावर सिंहली अक्षरांची गोलगोल नक्षी होती, तर खजिनदारांच्या वाट्याला बेरजा आल्या. बाहेर धबधबा कोसळत होता, सारा डबा खिडकीशी लोटला होता, खजिनदारांनी मात्र तेलाने पारदर्शक झालेला तो कागद उजेडात धरून तपासला आणि खिन्नपणे म्हणाले, "हातचा विसरलाय हो पोरगा."

हॅटनला उतरून मस्केलियामार्गे बसने श्रीपाद पर्वताच्या पायथ्याशी नल्लतण्णीला पोहोचून मुक्काम केला. खोली स्वस्त होती. गरम पाण्याची तरतूद अंदाजपत्रकात नव्हती.

श्रीपाद पर्वताची उंची 2243 मीटर. शिखरावरच्या खडकात पाऊल उमटले आहे. ते बौद्धांच्या मते बुद्धाचे, हिंदूंच्या मते शिवाचे, मुसलमानांच्या मते आदमाचे आणि ख्रिस्ती लोकांपैकी कित्येकांच्या मते संत थॉमसचे. एकाच सातबाऱ्यावर चार धर्मांची नावे असूनही मामला कोर्टात न जाता सारे वारसदार एकाच जिन्याने शतकानुशतके चढत आहेत, हे पाहून आमच्याकडील कुठल्याही तलाठ्याला भोवळ येईल. चौदाव्या शतकात इब्न बतूताही इथे चढून गेला. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून मे महिन्यातील वैशाखी पौर्णिमेपर्यंत यात्रेचा हंगाम. त्या काळात वाटेवर दिव्यांचा बंदोबस्त असतो. सूर्योदय गाठायचा म्हणून लोक मध्यरात्रीनंतर निघतात, आणि पुढे पाच हजारांहून अधिक पायऱ्या आहेत ही गोष्ट अंधारामुळे कळत नाही. दिव्यांची ओळ मात्र थेट नक्षत्रांत घुसलेली दिसते व कोणता दिवा कोणता तारा ह्याचा निवाडा होत नाही.

वाटेवर चहाची दुकाने आहेत. सारा माल माणसांच्या पाठीवरून वर जात असल्यामुळे उंचीबरोबर चहाचा दरही चढतो; हा हिशेब खजिनदारांना तत्त्वतः मंजूर होता, परंतु प्रत्येक दुकानापाशी "पुढे बघू" असा शेरा मारून ते प्रकरण तहकूब करीत, आणि पुढचा दर ऐकून मागच्या दुकानाच्या आठवणीने हळहळत. दरम्यान पांढऱ्या साड्या नेसलेल्या, नातवंडांच्या खांद्यांचा आधार घेतलेल्या वृद्धा पुटपुटत आम्हांला मागे टाकून जात होत्या. अखेरच्या कठड्याला धरून उभे राहिलेल्या खजिनदारांनी शेवटी डोळे मिटून चहा मागवला, आणि वहीत त्याची नोंद 'औषधोपचार' ह्या सदराखाली केली.

वर अनवाणी जावे लागते व फरशी बर्फासारखी गार असते. तिथे एक घंटा आहे. जितक्यांदा यात्रा घडली तितके टोले द्यावेत असा रिवाज. आमच्या पुढच्या आजीबाई टोल्यांमागून टोले देत राहिल्या. खजिनदारांनी "ह्याला काही फी?" अशी खात्री करून घेऊन एकच टोला दिला, पण अर्धा मिनिट घुमेल असा. मग सूर्य उगवला, आणि पर्वताची नितळ त्रिकोणी सावली पश्चिमेच्या धुक्यावर पसरली. त्या अवधीत वही पिशवीतून निघाली नाही.

उतरताना पायऱ्या गुडघ्यांकडून थकबाकी चक्रवाढ व्याजासह वसूल करतात. पायथ्याशी रिक्षावाल्याने भाडे सांगितले. मुक्काम हाकेच्या अंतरावर होता आणि आकडा अवाच्या सवा होता. तरी खजिनदार एक अक्षर न बोलता आत जाऊन आडवे झाले. घासाघीस सुरू होण्याची रिक्षावाल्याने बराच वेळ वाट पाहिली, आरशातून दोनदा मागे पाहिले, आणि अखेर बिचाऱ्याने घाबरून आपणच भाडे निम्मे केले.