एक्स्पोर्टसम्राटांस खुले पत्र

रा. रा. एक्स्पोर्टसम्राट यांसी,


गेल्या रविवारी गावच्या घरी, ट्यूबच्या टीव्हीवर, तुम्ही एक्स्पोर्ट करून सोडलेला कबड्डीचा अंतिम सामना पाहिला. चित्रण आमचंच, पण ओळख पटेना. चढाईपटू पुढे झेपावतोय की माघारी पळतोय, हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. पाय पुढे, पाय मागे, पुन्हा पुढे. काकांनी सवयीप्रमाणे टीव्हीच्या टाळक्यात दोन थापा मारल्या. मग छत्रीवाला आला, छत्री हलवून तीनशे रुपये घेऊन गेला. चढाईपटू मात्र अंगात आल्यासारखा थरथरतच राहिला.

आम्ही कॅमेरावाले अडाणी. १०८० आय ५० मध्ये चित्रण करताना आम्ही समजत होतो की एका फ्रेममध्ये दोन फील्ड असतात, दोन वेगळ्या क्षणांची. आधी एकाआड एक ५४० ओळी, २० मिलिसेकंदांनी उरलेल्या ५४०. तीस सेकंदांच्या चढाईत असे १५०० क्षण येतात, आणि गडी टिपला की नाही हे त्यातल्याच एखाददुसऱ्यात ठरतं. तुमची झेप मोठी. पूर्वार्धात तुम्ही लग्नाचा फोटो पासपोर्टसाइझ करावा तशा १०८० ओळी सरसकट जुन्या टीव्हीच्या ५७६ मध्ये दाबल्यात. दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या गेल्या आणि प्रत्येक धावणाऱ्या गड्यामागे त्याचं भूत धावू लागलं. सात गड्यांचा संघ चौदा जणांचा झाला. पंचांनी हरकत घेतली नाही, हे नशीब.

मध्यंतरात बहुधा चहा झाला, कारण उत्तरार्धात फील्ड सुटी ठेवलीत. फक्त क्रम उलटा! एचडीत वरच्या ओळींचं फील्ड आधी येतं. जुन्या डीव्ही पालमध्ये खालच्या ओळींचं. कुठल्या तरी काळातला प्रीसेट यादीत सर्वांत वर होता, तोच तुम्ही दाबलात. १, २, ३, ४ असे क्षण २, १, ४, ३ असे निघाले. माणूस दोन पावलं चालून एक मागे येतो, तो असा.

क्षणचित्रांत तर तुम्ही प्रत्येक फ्रेमचं एक फील्डच फेकून दिलंत. विचारलं तेव्हा 'सिनेमॅटिक' म्हणालात. निम्मा माल सांडून सिनेमॅटिक म्हणायचं असेल, तर आमचा दूधवाला केव्हाचा दिग्दर्शक आहे.

जुन्या पठडीतली माणसं आधी प्रत्येक फील्डच्या मधल्या ओळी भरून सेकंदाला पन्नास पूर्ण चित्रं बनवतात, ती ५७६ ओळींवर आणतात, उभ्या दिशेने जराशी मऊ करतात आणि मग पुन्हा एकाआड एक ओळी उचलून पन्नास फील्ड करतात. मऊ करायचं ते मैदानावरच्या पांढऱ्या रेषांसाठी. रेष एकाच फील्डमध्ये अडकली की सेकंदाला पंचवीसदा पेटते आणि विझते. तुम्ही वर 'शार्पन' लावलंत. बोनस रेषेला दिवाळीची माळ केलीत.

कातरकामाबद्दल मात्र मानलं. सोळा बाय नऊचं चित्र चार बाय तीनमध्ये बसवायला दोन्ही बाजूंचा एकेक अष्टमांश उडवलात. आमचा कॅमेरा मैदानाच्या बाजूला, म्हणजे कोपरारक्षक नेमके त्या पट्ट्यांत. चढाईपटूला अदृश्य शक्तीने घोटा धरून पडद्याबाहेर ओढलं, असं गावात अजून बोललं जातंय. वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवल्या असत्या तर दोघे वाचले असते. एचडीच्या ७०९ मानकाचे रंग जुन्या टीव्हीच्या ६०१ मानकात न बदलल्याने लाल बनियन किंचित मंद आणि हिरवं भडक झालं, ते मी सोडून देतो. भुतांच्या गर्दीत बनियन कोण बघतंय?

'माझ्या लॅपटॉपवर नीट दिसत होतं,' असा तुमचा निरोप मिळाला. दिसणारच. लॅपटॉप दोन्ही फील्ड एकत्र करून दाखवतो. कोण आधी, कोण नंतर, याची तो चौकशी करत नाही.

आपला,
कॅमेरा क्रमांक दोन

ता. क. काकांचा चौदा इंची ट्यूबचा टीव्ही एसटीच्या पार्सलने पाठवतोय. पुढचा सामना सोडण्याआधी त्यावर एक चढाई पाहा. चित्र थरथरलं तर टाळक्यात थाप मारू नका. निदान टीव्हीच्या तरी.