चालती गाडी कापावी कशी

ही मार्गदर्शिका अमेरिकेतल्या मराठी माणसासाठी आहे. त्याच्याकडे स्वतःचं घर हवं, घराला दोन गाड्यांचं गॅरेज हवं आणि त्यातली निम्मी जागा रिकामी हवी. पुण्यात किंवा पणजीत बसून वाचणाऱ्यांनी करमणूक म्हणून वाचावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा मथितार्थ एकच : कारखान्यानं गाडी जशी दिली तशीच ती राहिली पाहिजे. पासिंगला चॉपर, म्हणजे कापून बदललेली मोटरसायकल, घेऊन गेलात तर परत येताना रिक्षा करावी लागेल.

आधी थोडा इतिहास, कारण तो माहीत असला की पाहुण्यांना गॅरेजमध्ये अडकवून ठेवता येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन पोरांनी जड हार्ले गाड्यांची मडगार्डं छाटली, नको ते सामान उतरवलं आणि गाडी हलकी केली. पुढं साठच्या दशकात हलकेपणा मागं पडला, पुढचे फोर्क लांबत गेले आणि हँडल खांद्याच्या वर चढलं. १९६९ च्या ‘ईझी रायडर’नं हा प्रकार जगभर पोचवला. त्यातली ‘कॅप्टन अमेरिका’ ही गाडी बनवण्यात बेन हार्डी आणि क्लिफ व्हॉज या दोन कृष्णवर्णीय कारागिरांचा मोठा हात होता, आणि चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दोघांचंही नाव नव्हतं. गाडी चोरीला जाते, हे आपण ऐकून असतो. इथं श्रेयही गेलं.

त्या सगळ्या गाड्या चेनच्या होत्या, हे ध्यानात ठेवा. चेन हा समजूतदार भाग आहे. मागचं चाक चार इंच मागं न्यायचंय? चेनमध्ये कड्या वाढवा. टायर रुंद घालायचाय? स्प्रॉकेट जरा बाहेर काढा. वेग कमी पडतोय? दातांची संख्या बदला. चॉपरची अख्खी कला या समजूतदारपणावर उभी आहे. म्हणूनच आपण चेनची गाडी घेणार नाही.

पायरी पहिली : गाडी निवडणं. आपल्याला हवी होंडा जीएल १०००, म्हणजे पहिली गोल्डविंग. १९७४ च्या शरद ऋतूत कोलोनच्या प्रदर्शनात ती जगापुढं आली. ९९९ सीसी, आडवे चार सिलिंडर, पाण्यानं थंड होणारं इंजिन, आणि मागच्या चाकाला चेनऐवजी शाफ्ट. कोरडं वजन २६५ किलोच्या आसपास. लांब पल्ल्याच्या माणसानं चेनला तेल घालत बसू नये, बसावं आणि थेट दुसऱ्या राज्यात उतरावं, हा तिचा हेतू. थोडक्यात, माणसानं हात लावू नये म्हणून जपानी इंजिनिअरांनी जीव ओतून बनवलेली ही गाडी आहे, आणि आपण तिला हात लावणार आहोत.

जाहिरातीत ‘उभी केली तेव्हा चालत होती’ असं वाक्य असेल तर ती गाडी घ्या. हे वाक्य शंभर टक्के खरं असतं. उभी कधी केली, एवढंच विचारायचं नाही. भाव काही शे डॉलरपासून ‘घेऊन जा, एकदाचं गॅरेज मोकळं होऊ दे’ इथपर्यंत काहीही असू शकतो. पैसे देण्याआधी मालकीचं कागदपत्र, ज्याला तिकडं टायटल म्हणतात, ते मागा आणि त्यावरचा नंबर हँडलखाली फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेल्या नंबराशी ताडून पाहा. हा गळा पुढं आपण कापणार आहोत, त्यामुळं नंबर वाचवून कसं कापायचं याचा विचार आत्ताच सुरू केलेला बरा. नंबर गेला की तुमच्याकडं मोटरसायकल उरत नाही, लोखंड उरतं.

पायरी दुसरी : उघडणं. पेट्रोलच्या टाकीपासून सुरुवात करू, असं तुमच्या मनात येईल. करू नका, कारण ती टाकी नाही. सीटच्या पुढं जिथं जगातल्या सगळ्या मोटरसायकलींची टाकी असते, तिथं या गाडीला टाकीच्या आकाराचं कपाट आहे. वरचं झाकण उचला, दोन्ही बाजूंचे पत्रे पंखांसारखे खाली उघडतात. आत वायरिंगचा गुंता, फ्यूज, एअर फिल्टर, आणि सुरुवातीच्या मॉडेलात एका कोपऱ्यात खोचून ठेवलेली किकची दांडी, बॅटरी उतरली तर काढून लावायला. नव्या हौशी माणसानं इथं पाच मिनिटं नुसतं बघत उभं राहावं. इतका विचारी कप्पा कापून फेकताना हात थरथरला पाहिजे.

खरी टाकी सीटखाली आहे. आता गाडीकडं बाजूनं बघा आणि मनातल्या मनात चॉपर काढा. सस्पेन्शन नसलेली, मागं उतरत गेलेली सरळ रेघ काढायला फ्रेम नेमकी सीटखाली कापावी लागते. म्हणजे ग्राइंडरच्या ठिणग्या बरोब्बर टाकीवर. इथं चेष्टा बाजूला ठेवतो : टाकी आधी बाहेर काढा, गॅरेजबाहेर न्या आणि रिकामी आहे म्हणून तिच्यावर किंवा तिच्याजवळ वेल्डिंग करू नका. पेट्रोलपेक्षा पेट्रोलची वाफ जास्त भडकते. बॅटरीही सोडवून ठेवा.

पायरी तिसरी : कार्ब्युरेटर साफ करून गाडी एकदा आहे तशी चालवून बघणं. चार कार्ब्युरेटर आहेत, चारही तुंबलेले असतील. ते साफ झाले, टायमिंगचे दोन पट्टे बदलले, ब्रेकला नवं तेल पडलं की गाडी सुरू होते आणि मग कसलाही आवाज न करता ताशी शंभर किलोमीटरनं चालत राहते. या पायरीवर बहुतेकांचा चॉपर बारगळतो. ज्यांना चॉपर करायचाच आहे त्यांनी ही पायरी वगळावी.

आता शाफ्ट. यासाठी दापोडीच्या किंवा चिकलठाण्याच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले वडील किंवा सासरे सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले असतील तर उत्तम. सून-मुलगा कामावर गेले की त्यांना दिवस खायला उठतो. शाफ्ट, जॉइंट क्रॉस, क्राऊन-पिनियन हे शब्द ऐकले की ते लुंगीची घडी सारखी करून गॅरेजात येतील. मागचं चाक काढा, दात घातलेला कपलिंगचा भाग बोटानं पुसा. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळाल्यामुळं त्या दातांमध्ये कुंकवासारखी लाल पूड जमलेली असते. लोखंड लोखंडावर घासून पडलेली ती पूड. बाबा ती अंगठ्यावर घेतील, नाकाशी नेतील आणि विचारतील, “अरे, गाडी चालते का?”

“चालते, बाबा.”

“मग कापतोस कशाला?”

याचं उत्तर कोणत्याही मार्गदर्शिकेत नाही. मॉलिब्डेनमची पेस्ट लावा, क्राऊन-पिनियनच्या डब्यातलं गिअर ऑइल बदला आणि विषय बदला.

बाबांना पुढची अडचण तुमच्याआधी कळेल. मागं दोन शॉकॉप्सर आहेत. चॉपरला ते नको असतात, तेव्हा ते काढून त्यांच्या जागी लोखंडी दांडे लावायचे, हा सगळ्यात स्वस्त उपाय. दांडा जितका आखूड, तितकी गाडी मागं बसते आणि दिसायला झकास होते. पण मागचं चाक धरणारा चिमटा वर सरकला की आतला शाफ्टही वाकडा होतो, आणि तो वाकडेपणा जॉइंट क्रॉसला सोसावा लागतो. क्रॉसचा स्वभाव असा की इंजिनकडची बाजू एकसारखी फिरत असली तरी चाकाकडची बाजू एका फेरीत दोनदा पळते आणि दोनदा रेंगाळते. कोन २० अंशांचा झाला तर हा फरक सहा टक्क्यांवर जातो. ट्रकला दोन टोकांना दोन क्रॉस असतात, ते एकमेकांचं पाप झाकतात. इथं क्रॉस एकच. त्यामुळं तुमच्या माकडहाडाला रस्त्याचा प्रत्येक खड्डा तर कळेलच, शिवाय सपाट रस्त्यावरही काहीतरी कळत राहील.

चाक मागं न्यायचं असेल तर शाफ्ट लांब करावा लागतो. तो कापून मध्ये तुकडा जोडायचा, लेथवर सरळ करून घ्यायचा, बॅलन्स करायचा, आणि ज्या नळीतून तो जातो ती नळीही तेवढीच लांबवायची. रुंद टायरचं स्वप्न तर विसराच. चिमट्याचा शाफ्टवाला पाय जागचा हलत नाही आणि टायर त्याला घासतो. चेनवाल्या मित्राला यातलं काही सांगू नका. तो हसेल आणि दोन कड्या वाढवून निघून जाईल.

पुढचा भाग मात्र चेनवाल्यालाही सारखाच छळतो, म्हणून तो जरा मन लावून वाचा. गळ्याचा कोन वाढवला की फोर्क पुढं झुकतो. चॉपरपणा म्हणजे हाच झुकाव. हँडल ज्या आसाभोवती फिरतं त्याची रेघ जमिनीपर्यंत ओढा. टायर जमिनीला टेकतो ती जागा त्या रेघेच्या किती मागं आहे, त्याला ट्रेल म्हणतात. चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर आणि फोर्कचा ऑफसेट ६ सेंटिमीटर धरला, तर २८ अंशांना ट्रेल साधारण दहा सेंटिमीटर येतो. कोन ४५ केलात की तोच साडेतेवीस. मग हायवेवर गाडी नाकासमोर जाते, पण पार्किंगमध्ये हँडल आपोआप एका बाजूला पडतं आणि गाडीला तुमच्यासकट त्या बाजूला नेतं. यावर तोड म्हणून फोर्क धरणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्याच तिरक्या मिळतात. त्यांनी ट्रेल कमी होतो. पण गळा न झुकवता नुसत्या तिरक्या पट्ट्या लावल्या तर तो शून्याकडं जातो आणि भर वेगात हँडल थरथरू लागतं. गळ्याचं वेल्डिंग स्वतः करू नका, व्हिडिओ कितीही सोपा असो. प्रमाणपत्र असलेल्या वेल्डरकडं द्या, आणि तो नको म्हणाला तर दुसरा वेल्डर शोधण्याऐवजी कोन कमी करा.

उरलेल्या गोष्टी फुटकळ. उंच हँडल लावण्याआधी तुमच्या राज्याचा कायदा बघा, बऱ्याच राज्यांत त्याच्या उंचीला मर्यादा आहे. रेडिएटर कुठं लपवायचा हा प्रश्न आजवर कुणाला सुटलेला नाही. काळा रंग द्या आणि फोटो बाजूनं काढा. अल्टरनेटरची कॉइल जळली तर ती इंजिनाच्या पाठीमागं असल्यामुळं अख्खं इंजिन उतरवावं लागतं, तेव्हा फ्रेम पावडर कोटिंगला देण्याआधी ती तपासा. कोटिंगनंतर तपासलीत तर ती हमखास खराब निघते. सोसायटीची नोटीस येईल, ग्राइंडरच्या आवाजाबद्दल. बाबांना पुढं करा.

पहिली फेरी. रस्ता सरळ निवडा. न्यू जर्सीत राहत असाल तर हे अवघड आहे, कारण तिथं बऱ्याच चौकांत डावीकडं जायला आधी उजवीकडच्या फाट्यात शिरून गोल वळून यावं लागतं, आणि तुमची गाडी तेवढ्या जागेत वळत नाही. उतरा, मागं ढकला, पुन्हा बसा. मागच्या गाड्या हॉर्न देणार नाहीत. त्या फोटो काढतील. एडिसनच्या अलीकडं पेट्रोल भरून घ्या, कारण सीटखालच्या टाकीत १९ लिटर मावायचं आणि नव्या शेंगदाण्याएवढ्या टाकीत आठच मावतं. न्यू जर्सीत गाडीवाल्यानं स्वतः पेट्रोल भरायचं नसतं, १९४९ पासून तसा कायदा आहे. पण तुमची टाकी बघून पंपावरचा माणूस बहुधा नळी तुमच्याच हातात देईल आणि दोन पावलं मागं सरकेल. सावकाश भरा. खाली गरम इंजिन आहे.