मॅच पॉज होत नाही

पुणे–सोलापूर रस्त्यानं यवत सोडलं की चौफुल्याच्या आत दौंड तालुक्यातलं भांडगाव लागतं. ऊस, गुऱ्हाळं, कालव्याचं पाणी, धूळ उडवत जाणारे कंटेनर, आणि संध्याकाळी जिथं रेंज येते तिथं घोळक्यानं बसलेली पोरं. आसपासच्या कुठल्याही गावात विचारा, पोरं कशानं वाया चाललीत? एका सुरात उत्तर येतं: गेम. सांगणारा स्वतःही मोबाईलमध्येच बघत असतो, पण तो कामाचं बघत असतो. कसलं काम, ते पुढं येईलच.

आधी पोरांकडं बघू. टपरीमागच्या बाकड्यावर चौघं. फोन आडवे धरलेले. अंगठ्यांना काळ्या जाळीच्या टोप्या, कारण घामानं अंगठा सरकला की नेम चुकतो. चहावर साय धरलेली. "घरात दोन आहेत, घरात दोन!" "भावा मी डाऊन, रिव्हाइव्ह दे!" बाजूनं चाललेली आजी दचकते; कुणाच्या घरात दोन शिरले म्हणून. इतक्यात स्क्रीनच्या वरच्या बाजूला 'मम्मी' उगवते आणि नेमका शत्रू झाकला जातो. पोरगं तो कॉल ज्या चपळाईनं कापतं, तेवढी पोलीस भरतीच्या मैदानात दाखवली असती तर एव्हाना अंगावर वर्दी असती.

ऑनलाइन मॅच पॉज होत नाही, हे घरच्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. 'आलो पाच मिनिटांत' म्हणणारं पोर खोटं बोलत नसतं. ते उठलं तर बाकीचे तिघं उघड्यावर पडतात. बांधावरून दोन पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या घरांतली पोरंसुद्धा तिथं एकमेकांवर जीव टाकतात. गावात असा एकोपा यापूर्वी फक्त अनुदानाच्या यादीत नाव घालताना दिसलेला आहे.

गेमची घडणही मोठी हुशारीची. रोज हजेरी लावली की रोज काहीतरी फुकट. पेटी उघडली तर कधी नुसता सदरा, कधी सोनेरी बंदूक. काय निघेल ते ठाऊक नाही, म्हणून पुढची पेटी. राबून राबून रँक वर न्यावी, तर हंगाम संपतो आणि रँक घसरून खाली येते, की पुन्हा पहिल्यापासून. उसाच्या शेतकऱ्याला यात नवीन काय वाटणार म्हणा. पण तो निदान हे हौसेनं करत नाही.

सरकारनं या व्यसनावर औषध काढलं नाही असं कुणी म्हणू नये. २ सप्टेंबर २०२० ला केंद्रानं ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी गेला. पोरांचे डोळे बिघडतात म्हणून नव्हे. सीमेवर चीनशी बिनसलं म्हणून. पोरं फ्री फायरवर गेली. १४ फेब्रुवारी २०२२ ला, ऐन प्रेमाच्या दिवशी, तेही बंद झालं. दरम्यान पबजी कोरियन कंपनीच्या नावानं आणि 'इंडिया' हे आडनाव लावून परत आला, मग २०२२ च्या जुलैत पुन्हा गायब झाला आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा उगवला. एवढ्यांदा पक्ष बदलून परत येणं आपल्याकडं काही पुढाऱ्यांनाच जमलेलं आहे.

परत आला तो सुधारून आला. आता गोळी लागली की रक्त हिरवं निघतं. माणूस मरत नाही, 'फिनिश' होतो. अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीनच तास, आणि खर्चाची मर्यादा दिवसाला फक्त ७,००० रुपये. फक्त! गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या जळव्याला हा आकडा वाचून दाखवा. तो हातातली चिपाडं खाली ठेवून तुमच्याकडं बघेल. शिवाय पालकांची संमती लागते. सिमकार्ड आईच्या नावावर, ओटीपी आईच्या फोनवर, आणि आईला तो ओटीपी वाचून दाखवणार कोण? तेच पोर. संमतीची अशी चोख व्यवस्था आपल्याकडं ग्रामसभेच्या ठरावांनंतर इथंच पाहायला मिळते.

आता व्यसन म्हणजे काय? जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आपल्या रोगांच्या यादीत घातला आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. लक्षणं तीन. खेळावर ताबा राहत नाही. बाकीच्या कामांपेक्षा खेळ मोठा होतो. नुकसान दिसत असूनही खेळ सुटत नाही. आणि हे सगळं साधारण बारा महिने चाललेलं हवं. जिनिव्हाच्या डॉक्टरांनी हे लिहिताना पोरांकडं बघितलं असणार. चुकून दौंड तालुक्यातल्या फ्लेक्सकडं बघितलं असतं, तर बारा महिन्यांची अट त्यांनीच वाढवली असती.

कारण रोल-प्लेइंग गेम काही कोरियातून आलेला नाही. इथं प्रत्येक चौकात एक पात्र उभं आहे. डोळ्यांवर गॉगल, हात जोडलेले, नावामागं 'युवा नेते', नावापुढं 'भावी जिल्हा परिषद सदस्य', पायाशी शुभेच्छुकांची वीस मुंडकी. म्हणजेच पूर्ण स्क्वाड. पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढं तीन वर्षांहून जास्त काळ तिथं प्रशासकाचाच कारभार होता. म्हणजे सर्व्हर बंद. तरी भावी लोक रोज लॉगिन करत होते. वाढदिवसाला नवी स्किन, दहीहंडीला नवी, पालखी आली की फेटा असलेली. खर्च स्वतःचा किंवा सासऱ्याचा. ताबा नाही, बाकीची कामं मागं, नुकसान दिसतंय, बारा महिने उलटून गेलेले. पण यांना कुणी बंगळूरच्या निमहान्समध्ये दाखवा म्हणत नाही. तिथं २०१४ पासून मोबाईल-इंटरनेटच्या आहारी गेलेल्यांसाठी वेगळं क्लिनिक आहे.

पत्त्यांकडंही वळायला हवं, कारण पुढाऱ्यांनी तसा रस्ता दाखवलेला आहे. २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत बसलेल्या कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्या मोबाईलवर रमीचे पत्ते दिसल्याचा व्हिडिओ रोहित पवारांनी बाहेर काढला. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेली जाहिरात बंद करत होतो, असं कोकाट्यांनी सांगितलं. बरोबरच आहे. टपरीमागची पोरंही घरी हेच सांगतात, आणि तीही जाहिरात बंद करायला दीड तास घेतात. फरक पडतो तो पुढं. पोराच्या हातातून मोबाईल काढून घेतात. मंत्र्यांच्या हातातून ३१ जुलैला कृषी खातं काढून घेतलं आणि क्रीडा व युवक कल्याण खातं दिलं. कृषी गेलं आपल्या शेजारच्या इंदापूरच्या दत्तात्रय भरण्यांकडं, ज्यांच्याकडं आधी क्रीडा होतं. खेळाबद्दल आस्था असणाऱ्याला खेळाचं खातं मिळावं, एवढा न्याय या राज्यात अजून शिल्लक आहे. एका आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग आमच्या बाळ्यालाही तिमाही परीक्षेऐवजी शाळेचं मैदानच द्या की.

त्यानंतर तीनच आठवड्यांत संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रातोरात रमीची ॲप झोपली. क्रिकेट संघाच्या जर्सीवरचं ड्रीम इलेव्हनही गेलं. याच ड्रीम इलेव्हनवर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका फौजदाराला दीड कोटी लागले होते आणि पाठोपाठ निलंबनाचा आदेशही लागला होता. त्या काळात गावोगाव दोन मतं होती: चूक झाली म्हणणारी, आणि संघ कसा लावला होता ते विचारणारी. दुसरं मत बहुमतात होतं.

पूर्वी पत्त्यांचा अड्डा चालवणारा प्रत्येक डावामागं नाल काढायचा. कोण जिंकलं, कोण हरलं, त्याला घेणं नव्हतं; नाल पक्की. ॲपवाल्यांनी हीच नाल 'प्लॅटफॉर्म फी' म्हणून काढली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनं लावलेल्या पैशावर २८ टक्के जीएसटी लावून आपलीही काढली. जवळजवळ दोन वर्षं नाल खाऊन झाल्यावर सरकारला हा जुगार असल्याचं ध्यानात आलं. उशीर झाला, पण वसुली वेळेवर झाली होती.

बंदूकवाला गेम मात्र या कायद्यात सापडत नाही. तिथं पैसे लावत नाहीत, नुसते घालवतात. उलट पैज नसलेल्या ई-स्पोर्ट्सला कायदा प्रोत्साहन देतो. तेव्हा पैसे परत मिळण्याची आशा असेल तर जुगार, आणि अजिबात आशा नसेल तर क्रीडासंस्कृती, असा निवाडा झालेला आहे.

यावर उपाय नाहीत असं नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं १५ ऑगस्ट २०२२ पासून भोंगा लावला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावर भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघर टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सीच्या ग्रामसभेनं त्याच वर्षी अठराखालच्यांना मोबाईलबंदीचाच ठराव केला. वडगावची गोष्ट आम्हाला मनापासून आवडते, कारण तिथला भोंगा वय विचारत नाही. आणि त्याच कारणानं तो आपल्याकडं चालेल का, अशी शंका येते.

समजा, भांडगावात असा भोंगा लावायची सभा भरली. पहिला प्रश्न वेळेचा. सात वाजता मालिका लागते, हे महिला सांगतील. साडेसातला आयपीएल असतं, हे पुरुष सांगतील. बाजारभावाचे मेसेज, सोसायटीचा ग्रुप, सट्ट्यातले नव्हे तर 'शेअर'मधले ऑप्शन. ही सगळी कामं आहेत, गेम नव्हे, हे एक तात्या मोबाईलवरून मान वर न करता सांगतील. चीनमध्ये २०२१ पासून अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री आठ ते नऊ एवढाच खेळ, अशी माहिती कुणीतरी गुरुजी देतील. त्यावर मागून आवाज येईल की, त्याला चीन कशाला पाहिजे, महावितरण ते फुकटात करतंय.

मग पोरांना बोलायला लावतील, कारण ठरावात 'युवकांशी चर्चा करून' असं वाक्य लागतं. त्यातला एखादा उभा राहून विचारेल: सातला बंद करतो, पण सात ते साडेआठ करायचं काय? मैदानावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या. व्यायामशाळेची चावी कुणाकडं आहे ते मागच्या पंचवार्षिकपासून कळलेलं नाही. आणि थ्री फेज रात्रीची असली की मोटर चालू करायला उसात आम्हालाच पाठवता. तिथं बिबट्या असतो, हातात बॅटरी आणि काठी, आणि डाऊन झालो तर रिव्हाइव्ह द्यायला स्क्वाड नसतो. तेव्हा कुणी म्हणत नाही की पोरगं धोकादायक गेम खेळतंय.

सभेत क्षणभर चुळबुळ होईल. अध्यक्ष हा मुद्दा 'विचाराधीन' म्हणून लिहून घ्यायला सांगतील. भोंग्याचा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर होईल, टाळ्या वाजवणाऱ्यांचे फोटो निघतील आणि सभा संपायच्या आत स्टेटसला लागतील. राहता राहील एक किरकोळ बाब: भोंगा कुणाच्या इमारतीवर बसवायचा आणि त्यावर नाव कुणाचं टाकायचं. त्यावरून दोन गट पडतील, आणि रात्री साडेसातच्या आत दोन्ही गटांचे स्वतंत्र व्हॉट्सॲप ग्रुप निघालेले असतील.