शाल वग संपल्यावर

नाटककारांचा अवचित पाहुण्यावर फार जीव. तो आला नाही तर निम्म्या विनोदी नाटकांचा पहिला अंकच हलायचा नाही. ‘मोरूची मावशी’त अत्र्यांनी खोट्या मावशीच्या जोडीला खरी मावशी आणून उभी केली. गोगोलच्या १८३६च्या नाटकावरून पुलंनी ‘अंमलदार’ बेतलं, त्यात भलत्याच माणसाला साहेब समजून अख्खं गाव त्याच्यापुढे वाकतं. हाच पाहुणा लेखकाला न विचारता मांडवात शिरला, की मात्र कलेशी तडजोड झाल्याची ओरड होते. माझं म्हणणं एवढंच, की पाहुण्याच्या येण्याने कला बिघडत नाही. त्याच्या हाती माईक दिल्याने बिघडते.

शहादा तालुक्यातल्या सारंगखेड्याची यात्रा घ्या. दत्तजयंतीला तापीकाठी भरणारी, घोड्यांच्या बाजारासाठी नावाजलेली. अशा यात्रेतल्या तमाशाच्या तंबूत कोण कधी टपकेल याचा नेम नसतो. सौदा फिसकटलेला गणालाच येऊन बसतो, सौदा जमलेला गवळण संपता संपता. कोणाचंच काही अडत नाही, कारण गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि मग वग ही मांडणीच ऐसपैस. गवळणीतली मावशी कृष्णाशी हुज्जत घालत असताना उशिरा आलेल्या फेटेवाल्याची आणि त्याच्या न विकलेल्या घोड्याचीही खबर घेतली जाते, आणि सगळ्यात मोठ्याने हसतो तो फेटेवालाच. ही तडजोड असेल, तर तमाशा तिच्यावरच पोसला आहे.

मग पुढाऱ्याचा सत्कार त्यातच का धरू नये, असं कोणी विचारील. कारण फेटेवाला खेळात येतो आणि पुढारी खेळ थांबवतो. राजा लोखंडी खुर्चीच्या सिंहासनावर ताटकळतो, प्रधान मुजऱ्यात वाकलेलाच राहतो, शाल-श्रीफळ होतं आणि मग ते ‘दोन शब्द’! ध्वनिक्षेपकाला एरवी रात्री दहाची मर्यादा, सवलतीच्या मोजक्या दिवशी बाराची. भाषणात गेलेला अर्धा तास वगातूनच कापला जातो, आणि राजाला वनवास व न्यायनिवाडा एकाच दमात उरकावा लागतो. पाहुणा रुसला तर पुढची सुपारी जाईल, ही फडमालकाची भीती खोटी नाही. त्याच्यामागे साठ-सत्तर पोटं असतात. म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तंबूतली तडजोड निदान एका रात्रीपुरती असते. सिनेमात निर्मात्याच्या हट्टाने घुसलेलं गाणं मात्र जन्मभर तिथेच मुक्काम ठोकतं.

तेव्हा यात्रा समित्यांनीच एक नियम करावा. मान्यवर कधीही येवोत, पुढची खुर्ची त्यांचीच; शाल मात्र वग संपल्यावर. जो शेवटपर्यंत बसेल तो सत्काराला खरोखरच पात्र आहे.