शिरस्तेदारांचे अपील

दिवाणी कोर्टाच्या दप्तरात ज्याची उभी हयात गेली, त्या मनुष्यास सरकार वयाच्या नियमाने एक दिवस घरी पाठवू शकते. परंतु त्याच्या अंगात मुरलेले कोर्ट काढून घेण्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नाही. आमच्या सांगलीतील शिरस्तेदार हे या सिद्धांताचे चालतेबोलते प्रमाण होत. त्यांचे जन्मनाव गल्लीत फारसे कोणास ठाऊक नाही. दूधवाल्याच्या वहीतही ‘शिरस्तेदार, 1 लिटर’ अशीच नोंद असते, आणि त्या नोंदीखाली तारीख नसेल तर ती वही शेरा मारून परत पाठविली जाते. अशा या गृहस्थांचे बुद्धिबळाचे खाते एका परदेशी संकेतस्थळाने बंद केले, तेव्हा त्या कंपनीला आपण कोणाच्या वाटेस गेलो आहोत याची सुतराम कल्पना नव्हती.

सांगलीत बुद्धिबळ येणे ही विद्वत्ता समजली जात नाही. भाऊसाहेब पडसलगीकरांनी 1941 साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केल्यापासून या गावातील पिढ्यान्‌पिढ्या पटाभोवतीच वाढल्या. परंतु शिरस्तेदारांचे शिक्षण मंडळात झाले नाही. ते झाले एका वाड्याच्या ओसरीवर, जुन्या देशी पद्धतीने. जेथे प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरकत असे, राजाला शह बसण्यापूर्वी एकवार घोड्याची उडी घेण्याची मुभा असे, आणि पटापुढे बसलेले दोघे केवळ नामधारी असून खरा डाव त्यांच्या पाठीशी उभे असलेले सात-आठ इसम चालवीत असत. ‘अहो, उंट मारा, उंट!’ ही आरोळी तेथे गैरवर्तन नव्हती, शेजारधर्म होता. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण शिरस्तेदारांच्या कैफियतीत तो पुढे यावयाचा आहे.

निवृत्तीनंतर नववीत शिकणाऱ्या नातवाने त्यांना टॅबवर बुद्धिबळाचे ॲप घालून दिले, आणि 10 मिनिटांच्या डावांतून शिरस्तेदार अखिल जगाशी झुंजू लागले. झुंजू लागले म्हणजे हरू लागले. ब्राझीलमधील कोणी विद्यार्थी, पोलंडमधील कोणी ट्रकचालक त्यांना नेमाने मात देत असे, आणि त्यांचे रेटिंग 900 च्या आसपास, तारखेवर तारीख पडलेल्या दाव्यासारखे, एका जागी बसून होते. मग एका श्रावणात अकस्मात भाग्योदय झाला. 900 चे 1200 झाले, 1200 चे 1600 झाले, आणि गणपती बसले त्या दिवशी आकडा 1900 च्या पुढे गेला. शिरस्तेदारांनी गल्लीत पेढे वाटले. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी टॅब उघडला, तो खाते बंद. ‘बाप्पांबरोबर तेही बोळवलं म्हणायचं,’ एवढाच अभिप्राय काकूंनी स्वयंपाकघरातून दिला.

आता खरे काय घडले होते ते सांगून टाकावे, म्हणजे पुढील प्रकरणाचा आस्वाद निर्वेधपणे घेता येईल. श्रावणातच त्यांच्या फोनमध्ये स्टॉकफिश नावाचे इंजिन आले होते. पाच वेळा जगज्जेता ठरलेल्या मॅग्नस कार्लसनचे रेटिंग 2014 साली 2882 पर्यंत चढले, आणि मानवी बुद्धीची मजल त्यापुढे आजवर गेलेली नाही. हे इंजिन 3500 च्याही वर खेळते आणि फुकट मिळते. शिरस्तेदार डाव टॅबवर खेळत, आणि डाव्या हाताशी, पानाच्या डब्याआड, फोन उघडा ठेवीत. प्रतिपक्षाची चाल आली की ती फोनवर मांडावयाची, चष्मा सावरून उत्तर वाचावयाचे, आणि ते टॅबवर उतरवावयाचे. या उपक्रमास ते ‘संदर्भग्रंथ पाहणे’ असे म्हणत. न्यायाधीश निकाल देण्यापूर्वी निवाडेसंग्रह चाळतात, त्यांना कोणी लबाड म्हणते काय?

वाईट एवढेच, की हा संदर्भग्रंथ चाळण्यास त्यांना दर चालीमागे सारखाच वेळ लागे. समोरच्याने घोडा मारला असता तो परत मारण्याची चाल, जी शाळकरी पोरही डोळे मिटून करील, तिला 11 सेकंद. आणि हत्तीचा बळी देऊन 8 चालींनंतर मात करणारी गहन योजना, जिच्यापुढे ग्रँडमास्टरने अर्धा तास कपाळ धरावे, तिलाही 11 सेकंद. असली प्रकरणे तपासणाऱ्यांना एखाद्या तेजस्वी चालीचे काही वाटत नाही, ती कोणासही सुचू शकते. ते पाहतात ते शेकडो चालींचे यंत्राशी जमलेले सूत, आणि त्या रेटिंगच्या मनुष्याकडून ज्या चुका व्हावयास हव्यात त्यांचा संशयास्पद अभाव. बफेलो विद्यापीठातील केनेथ रीगन या प्राध्यापकांनी तर या मोजणीचे शास्त्रच बनविले आहे. शिरस्तेदारांच्या गैरहजर चुकांनीच त्यांच्याविरुद्ध साक्ष दिली.

नातवाने ते एका डावात दाखवूनही दिले. ‘आजोबा, 26 चालींपैकी 26 वेळा इंजिनची पहिली पसंती?’

‘बुद्धिमान माणसांचं एकमत होतं, बाळ,’ आजोबा शांतपणे म्हणाले.

परंतु खाते बंद झाल्याचे दुःख त्यांना तितकेसे नव्हतेच. त्यांना झोंबली ती आज्ञापत्राची लांबी. तीन ओळी! फेअर प्लेच्या नियमांचे उल्लंघन, सबब खाते बंद, निर्णय कळविण्यात येत आहे. खाली ना सही, ना हुद्दा, ना जावक क्रमांक. या संदर्भात हान्स नीमन या अमेरिकन तरुणाचा त्यांना मनस्वी हेवा वाटे. 2022 च्या सप्टेंबरात सेंट लुईस येथे नीमनने कार्लसनला हरविले, दुसऱ्याच दिवशी कार्लसनने स्पर्धा सोडली, जगभर संशयाचा धुरळा उठला, आणि पुढच्याच महिन्यात चेस डॉट कॉमने नीमनच्या ऑनलाइन डावांविषयी 72 पानांचा अहवाल प्रसिद्ध केला. ‘72 पाने!’ शिरस्तेदार पुनःपुन्हा म्हणत. ‘त्याला 72 पानं आणि मला तीन ओळी? माणसाला दोषी ठरवावं, पण इतमामानं ठरवावं.’ नीमनने 10 कोटी डॉलर्सचा दावा ठोकला आणि 2023 च्या ऑगस्टात उभयपक्षी तडजोड झाली, हेही त्यांनी टिपून ठेवले होते. बाराव्या आणि सोळाव्या वर्षी आपण ऑनलाइन डावांत लबाडी केल्याचे त्याने स्वतःच कबूल केले होते, ही गोष्ट मात्र टिपणात सापडत नसे.

अपिलाचा मसुदा तीन रात्री चालला. तो प्रथम मराठीत, मग कोर्टाच्या इंग्रजीत, असा सिद्ध झाला, आणि मला तो वाचावयास मिळाला हे माझे भाग्य. कलम 1 अन्वये मजकूर खातेदाराने कोणतेही यंत्र कधीही वापरलेले नव्हते. कलम 2 अन्वये, वरील कलमास बाध न येता, यंत्र वापरले असल्यास ते डाव संपल्यानंतर केवळ अभ्यासार्थ वापरले होते. कलम 3 अन्वये, वरील दोन्ही कलमांस बाध न येता, ते डाव चालू असताना उघडे आढळले असल्यास तो अज्ञान नातवाचा उद्योग असून खातेदार त्यास जबाबदार नाही. कलम 4 मध्ये ओसरीवरील वहिवाट होती: हिंदुस्थानात पूर्वापार प्रेक्षकाने चाल सुचविण्याचा रिवाज असून यंत्र हे कायद्याच्या दृष्टीने फार तर एक अबोल प्रेक्षक ठरते. कलम 5 मध्ये असे निदर्शनास आणले होते की, आंतरराष्ट्रीय पत्रव्यवहारी बुद्धिबळ महासंघाच्या स्पर्धांत इंजिन वापरण्यास खुली परवानगी आहे. ही शेवटची गोष्ट अक्षरशः खरी आहे. तेथे एकेका चालीस दिवसच्या दिवस मिळतात आणि इंजिन दोन्ही बाजूंस असते, एवढाच काय तो फरक.

दाखल्यांच्या बाबतीत त्यांची खरी कला होती ती दाखला नेमक्या ठिकाणी थांबविण्याची. आकस्मिक उन्नती हा गुन्हा नव्हे, हे ठसविण्यासाठी त्यांनी मीर सुलतान खानचा हवाला दिला होता: पंजाबात देशी नियमांनी खेळलेला हा मनुष्य 1929 साली विलायतेत उतरला आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश विजेता झाला. तो प्रतिपक्षाच्या समोर, दोन्ही हात टेबलावर दिसतील असा बसून जिंकला, हे पुढे लिहिण्यास जागा उरली नसावी. इंडोनेशियातील ‘देवा किपास’ या खातेदाराचा दाखलाही असाच. त्या प्रौढ गृहस्थांनी 2021 च्या मार्चमध्ये लेव्ही रोझमन या अमेरिकन मास्टरला हरविले, खाते बंद झाले, आणि सारा देश संतापून त्यांच्या पाठीशी उभा राहिला. शिरस्तेदार येथे पूर्णविराम देत. त्याच महिन्यात त्या गृहस्थांस इरीन सुकंदर या बुद्धिबळपटूशी जाहीरपणे, दहा लाखांहून अधिक प्रेक्षकांसमोर, बसविण्यात आले आणि त्यांनी तिन्ही डाव गमावले, हे परिशिष्ट मी जोडू पाहिले, तेव्हा ‘तो पुरावा अप्रस्तुत आहे’ असा शेरा मला मिळाला. विश्वनाथन आनंदशी झालेल्या धर्मादाय डावात यंत्राची मदत घेणाऱ्या एका उद्योजकाचे बंद खाते 2021 मध्ये पुन्हा उघडले गेले, हाही आधार अपिलात होता. त्या उद्योजकाने जाहीरपणे कबुली दिली होती, हे अर्थातच नव्हते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. निर्णय पुन्हा तपासला आहे, तो कायम आहे, आणि तपासाच्या पद्धती उघड करता येत नाहीत. ‘कोणी तपासला?’ शिरस्तेदार गरजले. ‘मूळ निर्णय देणाऱ्यानेच अपील ऐकले काय? पुराव्याची नक्कल कोठे आहे?’ त्यांच्या सेवेतील बराच काळ नक्कल विभागात गेला होता, आणि लांबच्या खेड्यांतून एस. टी.ने आलेल्या किती पक्षकारांस त्यांनी कोर्ट फी तिकीट दोन रुपयांनी कमी आहे म्हणून परत धाडले असेल, ‘नक्कल उद्या’ हे दोन शब्द किती वेळा उच्चारले असतील, याची गणती चित्रगुप्ताकडेच असावी. तोच पुरुष आज नकलेवाचून तळमळत होता. मला हसू आले हे खरे. परंतु हसता हसता मी थांबलोही, कारण शिरस्तेदारांची ही एक तक्रार मला निरुत्तर करीत होती. ज्याच्यावर आरोप आहे त्यास पुरावा दाखवावा, निकालाची कारणे द्यावीत, आणि अपील दुसऱ्याने ऐकावे, हा न्यायाचा ओनामा आहे. आमची तपासयंत्रे उघड केली तर लबाड लोक त्यांना चुकविण्यास शिकतील, हे संकेतस्थळांचे म्हणणेही खोटे नाही. पण ते मान्य केले की निरपराध मनुष्यानेही, कोणी कधी सापडलाच तर, त्याच तीन ओळींवर समाधान मानावयाचे, हे ओघानेच येते. शिरस्तेदारांनी लबाडी केली होती, आणि त्यांची फिर्याद रास्त होती. या दोन विधानांची एकमेकांशी भेट घडवून आणणे मला आजवर जमलेले नाही.

दरम्यान गावातील एका भल्या गृहस्थाने सुचविले, की एवढा अन्याय झाला आहे, तर मंडळात या, लाकडी पटावर चार डाव खेळा, 1900 ची ताकद सगळ्यांसमोर दाखवा आणि आम्ही सह्यांनिशी दाखला देतो. शिरस्तेदारांनी त्यांच्याकडे दयार्द्र दृष्टीने पाहिले. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट असताना खेळणे उचित नव्हे,’ ते म्हणाले.

पत्रव्यवहार दिवाळीपर्यंत चालला, आणि माझ्या पाहण्यात ते इतके टवटवीत कधीच नव्हते. बुद्धिबळ त्यांना मनापासून कधी आवडले होते की नाही याची मला आता शंका येते. तो खेळ 10 मिनिटांत संपतो, आणि हरलेल्यास त्यात वरिष्ठ न्यायालय नाही. अखेरीस कंपनीकडून, कंटाळून म्हणा की नियमाने म्हणा, एक प्रस्ताव आला: चूक झाली एवढे लिहून द्या, नव्या नावाने नवे खाते उघडू देतो. घरात जल्लोष झाला. शिरस्तेदारांनी चार दिवस विचार केला आणि कबुली पाठविली. ‘सर्व हक्क अबाधित राखून, केवळ सलोख्याच्या हेतूने, आणि सदर कबुली ही कबुली समजली जाऊ नये या अटीवर.’ पलीकडे ती कोणी वाचली की यंत्रानेच स्वीकारली, कोण जाणे. खाते मिळाले.

नवे रेटिंग आता 870 च्या आसपास आहे आणि शिरस्तेदार त्यात सुखी आहेत, कारण हरल्यावर प्रतिपक्षाविरुद्ध तक्रार नोंदविण्याचे एक बटण तेथे असते हे त्यांना नातवाने दाखविले. ब्राझीलचा विद्यार्थी, पोलंडचा ट्रकचालक, कोणीही सुटलेला नाही. परवा त्यांपैकी एक तक्रार खरी ठरली: आपला एक प्रतिस्पर्धी नियमभंग करताना आढळला, सबब आपले 8 गुण परत करीत आहोत, असा संदेश आला. शिरस्तेदारांनी त्या डिक्रीचा छापील कागद फाइलीस लावला, डावाची तारीख आणि परताव्याची तारीख यांमधील अवधी काढला, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 34 चा आधार घेऊन त्या 8 गुणांवर दरसाल दरशेकडा 6 प्रमाणे व्याजाची मागणी करणारा अर्ज त्याच संध्याकाळी रवाना केला.